उपयोगाचा रकाना

नोटीस लागल्याची बातमी भट्टीवर आणली ती आत्यानं. गावात कुठलंही पान हललं की आधी आत्याला कळायचं, मग झाडाला. नऊ वर्षांपूर्वी ती भावाकडे आठ दिवसांसाठी म्हणून आली होती आणि ते आठ दिवस अजून सरले नव्हते. त्या सकाळी ती पाण्याचा हंडा घेऊन आली तेव्हा हंडा अर्धाच होता, पण बातमी काठोकाठ.

"दादा, तुझ्या भुंग्याला आता सरकारदरबारी हजेरी लावायचीय," ती म्हणाली.

बाबा गुडघाभर चिखलात उभा राहून फावड्यानं माती कापत होता. त्याचं फावडं जरा थांबलं, मग पुन्हा चालू झालं. आई चार हातांवर साच्यापुढे उकिडवी बसलेली होती. तिनं मानही वर केली नाही. तिच्या हाताचा एक ताल होता. चिखलाचा गोळा उचलायचा, रेतीत लोळवायचा, साच्यात आपटायचा, पट्टीनं वरचं काढून टाकायचं, साचा उलटा करायचा, वीट उतरवायची, अर्ध्या पावलानं मागे सरकायचं. दिवसभरात ती अशी अर्ध्या-अर्ध्या पावलानं अख्खं मैदान ओलांडायची. विटा तीच पाडायची, कारण तिच्या विटेचे कोपरे असे यायचे की बोटाला लागावेत. बाबानं पाडलेली वीट म्हणजे उशी, असं आत्या म्हणायची.

भुंगा म्हणजे बाबाचा ड्रोन. दोन वर्षांपूर्वी गावातल्या फोटोवाल्याचा एक ड्रोन झाडात अडकून पडला, त्याचे दोन पंख तुटले आणि कॅमेऱ्याची मान मोडली. फोटोवाल्यानं तो भंगारात काढला. बाबानं एक गाडीभर अर्ध्यामुर्ध्या विटांच्या बदल्यात तो उचलून आणला आणि वीस दिवस मांडीवर घेऊन बसला. तारा, डिंक, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, काय काय लावलं त्याचं त्यालाच ठाऊक. एकविसाव्या दिवशी तो वस्तूंचा गोळा घूं घूं करत वर गेला आणि बाबाच्या तोंडावर असं हसू आलं की आईनं विचारलं, बरं वाटत नाहीये का.

तेव्हाच त्यानं सांगून टाकलं होतं की हे कामाचं यंत्र आहे. कच्च्या विटेचा जीव तो केवढा, वाळायच्या आधी एक सर पडली तरी ओळीच्या ओळी पुन्हा माती होतात. वरून बघितलं की ढग लांबून दिसतो, ताडपत्री घालायला वेळ मिळतो. आईला ते पटलं. कामाच्या वस्तूला तिच्या घरात कधी मज्जाव नव्हता. तेव्हापासून दुपारी माती मुरायला ठेवली की बाबाचे हात रिकामे व्हायचे आणि भुंगा वर जायचा. साच्याचं काम मात्र दुपारी थांबत नसे. सकाळची मुरलेली माती संपवायचीच असते.

वरून दिसणारं चित्र ज्यावर यायचं तो पडदा धरायला त्याच्याबरोबर त्याची मुलगी असायची. वय वर्षं पंधरा, घरातलं नाव वकील. बोलायला लागली तेव्हापासून ती वाद घालत होती आणि या वर्षी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तर तिच्या जिभेला दाराची कडी राहिली नव्हती. शाळा सुटली की दप्तर फेकून ती सावलीत बाबाच्या शेजारी बसायची, दोघं त्या तळहाताएवढ्या पडद्यावर डोकी टेकवायची. आणि एक गोष्ट त्या दोघांनाच माहीत होती. मोडलेली कॅमेऱ्याची मान बाबानं डिंकानं चिकटवली होती ती थेट खाली बघणारी. त्या भुंग्याला जमीन दिसायची. ढग दिसणं त्याच्या नशिबातच नव्हतं.

हे कुणाला सांगायचं नाही असं बाबा कधी म्हणाला नव्हता. तिनंच ते समजून घेतलं होतं. गेल्या वर्षी एका दुपारी भुंगा वर असतानाच पाऊस आला आणि सात ओळी विरघळल्या. बाबा ओला होऊन उभा राहिला आणि म्हणाला, ढग दिसलाच नाही. आईनं त्याच्या हातातली ताडपत्री काढून घेतली होती. "यंत्र आहे, चुकायचंच. तुम्ही कशाला तोंड पाडताय," असं ती म्हणाली होती. वकिलीणबाईंनी तेव्हा प्रथमच तोंडात मूग धरले होते.

आता नोटीस. ती वाचायला अर्थातच वकिलाला पाठवलं. कार्यालयाच्या फळ्यावर कागद डकवलेला होता आणि तो तिनं उभ्या उभ्या खडखडीत वाचून काढला. पाव किलोच्या वरचं प्रत्येक उडतं यंत्र महिनाअखेर नोंदवायचं. लोकांच्या घरांवरून न्यायचं नाही. नजरेआड जाऊ द्यायचं नाही. मालकाचं नाव आणि यंत्राचा उपयोग फळ्यावर लावला जाईल, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्यानं ती सांगावी. घरी येऊन तिनं सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. सगळं वाचलंस ना, असं बाबानं दोनदा विचारलं. अक्षरन् अक्षर, ती म्हणाली. कागदाला मागची बाजू असते हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. फळ्यावर डकवलेल्या कागदाची मागची बाजू कोण बघतं?

नोंदणीच्या दिवशी बाबानं पाय घासून घासून धुतले, तरी घोट्याच्या रेषेत चिखल राहिलाच. भुंगा एका स्वच्छ फडक्यात बांधून घेतला आणि वकिलाला बरोबर घेतलं. कार्यालयात दहा-बारा माणसं होती. गावात इतके ड्रोन आहेत हे त्या दिवशीच कळलं. पुढे शाळेतले विज्ञानाचे सर होते, शाळेच्या ड्रोनचे कागद घेऊन. मागे फोटोवाला, गळ्यात परवान्याचं कार्ड लटकवलेला. बाबानं फडकं सोडलं तेव्हा फोटोवाल्यानं आपला जुना ड्रोन ओळखला आणि सगळ्यांना सांगितलं की हा माझ्याकडून सुटलेला कैदी, बघा कसा पट्ट्या बांधून फिरतोय. लोक हसले. बाबाही हसला, पण त्याचं हसू ओठांवरच अडून बसलं.

कारकूनबाई चष्म्यावरून बघत एकेक रकाना भरत होत्या. नाव झालं, वजन झालं, रंग झाला. मग त्यांनी विचारलं, "उपयोग?"

बाबानं रिकाम्या फडक्याला गाठ मारली.

"हौस की काम? दोनच रकाने आहेत. पटकन सांगा, मागे लोक आहेत."

बाबा मनगटावरची वाळलेली मातीची खपली नखानं काढायला लागला. उभा जन्म ज्यानं माती तुडवली, ज्याच्या घरात आजवर हौस हा शब्द लग्नाच्या कपड्यांपुरताही कुणी वापरला नव्हता, त्यानं तो दहा-बारा माणसांत तोंडानं म्हणायचा आणि मग तो त्याच्या नावापुढे फळ्यावर लागणार. विटा न्यायला येणारा गवंडी वाचणार. ट्रॅक्टरवाला वाचणार. आई वाचणार.

"हौस लिहा हो बाई," मागून फोटोवाला म्हणाला. "आम्हाला पोटासाठी उडवावं लागतं. भट्टीवाल्यांचं बरंय, बायको विटा पाडते आणि मालक आभाळात."

या वेळी हसणं मोठं होतं. सरांनी मागे वळून बघितलं. बाबाकडे नव्हे, तिच्याकडे. स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलीकडे. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाबाच्या घोट्यावरचा चिखल, त्या फडक्याची गाठ, ते डिंकाचे ओघळ, सगळं तिला एकदम सगळ्यांच्या डोळ्यांनी दिसलं आणि नकोसं झालं. ती टेबलापाशी पुढे झाली.

"काम," ती म्हणाली. "आमची वीटभट्टी आहे. कच्चा माल पावसापासून वाचवण्यासाठी वरून ढगांची पाहणी करावी लागते. दोन वर्षं आम्ही नियमितपणे ती करतोय."

आवाज अगदी स्पर्धेतला लागला होता. कुणी हसलं नाही. सरांनी मान डोलावली. कारकूनबाईंनी लिहून घेतलं आणि कागद सहीला पुढे सरकवला. बाबानं एकदा मुलीकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. विहिरीत पडलेल्या माणसाला कुणीतरी दोर टाकावा आणि तो कुजका आहे हे त्याला खालूनच दिसावं, तसं काहीतरी होतं. त्यानं सही केली.

पाचव्या दिवशी कारकूनबाई एका शिपायाला घेऊन भट्टीवर आल्या. कागदाच्या मागच्या बाजूला काय होतं ते तेव्हा कळलं. हौशी माणसाला नुसती नोंद पुरते. कामासाठी उडवणाऱ्याला आधी प्रशिक्षण, परीक्षा, परवाना. परवाना नसताना दोन वर्षं कामाला वापरलं असं मालकानं स्वतःच सहीनिशी कबूल केलंय, तेव्हा यंत्र सील करून सुनावणी. कारकूनबाई वाईट नव्हत्या. त्यांनी आईला विचारून खात्रीही करून घ्यायचा प्रयत्न केला. खरंच कामाला वापरतात की सहज आपलं, असं त्यांनी दोनदा विचारलं. पळवाट त्यांनी दारासारखी उघडून धरली होती.

आई उठून उभी राहिली. कोपरापर्यंत हात चिखलात, डोक्याचं फडकं सरकलेलं. सरकारी माणसापुढे खरं बोलायचं एवढंच तिला माहीत होतं.

"कामालाच वापरतात. रोज दुपारी ढग बघतात. माझा माणूस रिकामटेकडा नाही."

शिपायानं भुंगा खोक्यात घातला, चिकटपट्टी गुंडाळली, वर लाखेचा शिक्का मारला. आईनं तिथंच, त्या चिखलाच्या हातानं, कागदाखाली सही केली. बाबा भट्टीच्या तोंडाशी राख ओढत होता. त्यानं इकडे मान वळवली नाही. वकील ताडपत्रीची घडी घालत होती. घातलेली घडी तिनं उलगडली आणि पुन्हा घातली.

सुनावणीच्या दिवशी काम बंद ठेवावं लागलं. माती मुरत घातलेली तशीच राहिली. चौघंही गेली. आत्याला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण न बोलावता येणं ही तिची जुनी सवय. मोठ्या गावाहून साहेब आले होते, हडकुळे, खोकणारे. त्यांना आणखी तीन ठिकाणी जायचं होतं. बाकावर फोटोवाला होता, सर होते. सगळ्या ड्रोनवाल्यांनी हजर राहावं असा निरोप होता, म्हणजे पुढे कुणी चुकणार नाही.

साहेबांनी सील फोडून भुंगा टेबलावर ठेवला, उलटा केला, कॅमेऱ्याला बोट लावलं. मान हलेना. त्यांनी जोर लावला. डिंक दगडासारखा झाला होता.

"हा तर खालीच बघतो," साहेब म्हणाले. "ढग कसे बघत होता तुम्ही?"

आईनं आधी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग बाबाकडे. ती काही फार शिकलेली नव्हती, पण वस्तू कशी चालते हे तिला बघितलं की कळायचं. वकिलाला तिच्या चेहऱ्यावर दिसलं की सात ओळी आत्ता, या क्षणी, पुन्हा विरघळतायत.

बाबा उभा राहिला. टेबलाची कड त्यानं धरली होती.

"ढग बघत नव्हतो साहेब. हौस म्हणून उडवत होतो."

तो शब्द त्यानं असा उच्चारला की एखाद्यानं सगळ्यांपुढे सदरा काढावा. मागे कुणीतरी खाकरलं. आत्या पुटपुटली, हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि पहिल्यांदाच तिला स्वतःचं बोलणं आवडलं नाही, तिनं ओठ मिटून घेतले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तेही वाईट नव्हते. हौस असेल तर गुन्हाच नाही, म्हणाले, सुटलात. पण खोटी माहिती लिहून दिलीत, ते वेगळं कलम आहे. बायकोनंही खोटी साक्ष दिली.

"तिला माहीत नव्हतं," बाबा म्हणाला. "तिचा काही दोष नाही."

आई खाली मान घालून हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसली होती. त्या बोटांच्या पेरांना भेगा होत्या आणि भेगांत लालसर माती. माझा माणूस रिकामटेकडा नाही, हे तिचं वाक्य कारकूनबाईंनी कागदावर जसंच्या तसं उतरवलं होतं आणि साहेब आत्ता तेच वाचत होते, मनात, पण ओठ हलवत.

मग साहेबांनी कागद उलटून विचारलं की नोंदणीच्या वेळी हे तोंडी सांगितलं कुणी. मुलीनं, असं कारकूनबाई म्हणाल्या. साहेब तिच्याकडे वळले. त्यांनी अगदी समजावून सांगितलं. ती अजाण आहे. आपल्या मनानं बोलली असेल तर ती पोरवयातली चूक, दोन ओळी खोडून इथंच सही करतो, यंत्र घेऊन घरी जा. वडिलांनी पढवून बोलायला लावलं असेल तर मात्र ती फसवणूक. यंत्र एक वर्ष जप्त.

"सांग बाळ. तू आपल्या मनानं बोललीस का?"

यापेक्षा सोपा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. हो, एवढंच म्हणायचं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. का बोललीस? आणि त्याचं उत्तर बाबासमोर, आईसमोर, सरांसमोर द्यावं लागलं असतं, की मला या माणसाची लाज वाटली. तिचं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. एक, दोन, तीन. पंखा फिरत होता. सर वाट बघत होते. ज्या पोरीच्या तोंडाला कुलूप नाही म्हणून सगळं घर हसायचं, तिच्या तोंडाला त्या दिवशी नेमकं कुलूप लागलं.

"मीच पढवलं होतं," बाबा म्हणाला. "पोरीला नका विचारू. मी सांगितलं ते ती बोलली."

साहेबांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग लिहायला घेतलं. तिला अजूनही बोलता आलं असतं. पेन कागदावर चाललं होतं तोवर, शाई वाळत होती तोवर, शिक्का उचलला होता तोवर. शिक्का खाली आला.

घरी परतताना चौघं एका ओळीत चालली, आणि रस्ता तर चौघं शेजारी शेजारी मावतील एवढा रुंद होता. भट्टीवर आल्यावर आईनं बाबाशी बोलणं बंद केलं. म्हणजे बोलायची, पण आत्यातर्फे. बाबा सहा हातांवर उभा असायचा आणि ती म्हणायची, वन्सं, त्यांना सांगा माती कोरडी पडतेय. आत्या तोंड वळवून म्हणायची, दादा, माती कोरडी पडतेय. बाबा पाणी घालायचा. वन्सं, त्यांना सांगा पोरीला खोटं बोलायला शिकवलं तर शिकवलं, निदान मला तरी साक्षीला उभं करायचं नव्हतं. हे मात्र आत्यानं पुढे पोचवलं नाही. गरजच नव्हती. सात ओळींविषयी आई एक शब्द बोलली नाही.

ऐकत होती ती वकील. जेवताना तिनं ताट अर्ध्यातच बाजूला सारलं. बाबानं तिच्याकडे बघून एकदा डोळे मिचकावले, काही नाही गं, अशा अर्थानं. त्यानं तिला मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाचं दार उघडायच्या आधीच ती पायरीवर बसलेली होती, गणवेश, दप्तर आणि वेणीला उलटी बांधलेली रिबीन. कारकूनबाई किल्ल्या शोधत आल्या. तिनं त्यांना कुलूप उघडू देण्याचीही फुरसत दिली नाही. मी माझ्या मनानंच बोलले होते, बाबांनी पढवलं नव्हतं, ते मला वाचवायला म्हणाले, मला लोक हसले त्याची लाज वाटली म्हणून मी बोलले. सगळं एका दमात. आणि शेवटी, आता दोन ओळी खोडा.

कारकूनबाईंनी दार उघडलं, आत जाऊन खिडकी उघडली, टेबलावरची धूळ फडक्यानं पुसली. मग म्हणाल्या, "काल बोलली असतीस तर दोन ओळींचंच काम होतं गं. आता कागद आणि यंत्र दोन्ही साहेबांच्या गाडीतून गेले."

ती तिथंच उभी राहिली. बाईंनी तिला प्यायला पाणी दिलं. फळ्यावर नवीन यादी लागली होती. बाबाच्या नावापुढे काम हा शब्द खोडून हौस लिहिलेलं होतं आणि त्यापुढे तांबड्या शाईत जप्त. तिनं ती यादी वाचली. या वेळी कागदाचा कोपरा उचलून मागची बाजूही बघितली. कोरी होती.

शाळेच्या वाटेला न लागता ती भट्टीवर गेली. आई साच्यापुढे बसली होती. ओळ अर्धी झाली होती. बाबा खड्ड्यात माती तुडवत होता, आत्या टोपलीतून भुसा टाकत होती. वकील आईच्या शेजारी, विटांच्या ओळीला पाय लागणार नाही अशी बेतानं, उकिडवी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कार्यालयात सांगितलं त्याहून हळू. आईचे हात थांबले नाहीत. गोळा, रेती, साचा, पट्टी.

"त्यांनी शिकवलं नव्हतं तुला?"

"नाही."

"मग का बोललीस?"

"सगळे हसत होते. बाबा हौस करतो म्हणून. मला लाज वाटली."

आईनं वीट उतरवली. साचा उचलताना एका कोपऱ्याला धक्का लागला आणि तो दबला. तिच्या हातून असं कधी व्हायचं नाही.

"हौस म्हणजे काय चोरी आहे का?" ती म्हणाली. "मला सांगायचं होतं सरळ. मी काय नको म्हटलं असतं?" मग, खरं बोलायची सवय असल्यामुळे, ती म्हणाली, "म्हटलं असतं म्हणा."

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. गुडघे वाजले. दोन्ही हात तसेच अंगापासून लांब धरून ती खड्ड्याच्या काठापर्यंत गेली. आत्या निरोप पोचवायला तयार होऊन पुढे झाली, पण आईनं तिच्याकडे बघितलं नाही.

"काय दिसायचं हो वरून?"

बाबा तुडवायचा थांबला. दोन वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. यात टोमणा कुठे आहे ते तो आधी शोधत राहिला. सापडला नाही, तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला आणि तो बोलायला लागला, आधी अडखळत, मग भरभर. आपलं मैदान इथून वाटतं त्यापेक्षा लहान आहे, तो म्हणाला. विटांच्या ओळी वरून अशा दिसतात की कुणीतरी वहीवर रेघा मारल्यात. ताज्या विटा काळ्या, कालच्या करड्या, परवाच्या पांढुरक्या. आणि त्या रेघांच्या टोकाला तू. तुझं तोंड दिसत नाही वरून. पाठ दिसते. अर्धं पाऊल, वीट, अर्धं पाऊल, वीट. कधी थांबत नाहीस. मी तुझ्या डोक्यावर भुंगा धरून ठेवायचो, बॅटरी संपेस्तोवर. तेच बघत बसायचो.

"रोज?"

"रोज."

"दोन वर्षं?"

बाबानं मान हलवली. तो जवळजवळ हसत होता.

"दोन वर्षं माझी पाठ बघितलीत," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मग खाली येऊन हात का नाही लावलात?"

बाबाचं हसू जागच्या जागी राहिलं आणि मग हळूहळू गेलं. चिखलात त्याचे पाय आणखी थोडे रुतल्यासारखे वाटले. आत्या टोपलीत बघू लागली.

वकील विटांच्या ओळीपाशी तशीच बसून होती. हा प्रश्न आपल्याला विचारलेला नाही असं म्हणता येईल का, ते तिनं बघून घेतलं. म्हणता येत नव्हतं. पडदा तिच्या हातात असायचा. सावलीत, दप्तरावर पाय टाकून, बाबाच्या डोक्याला डोकं लावून तिनंही ती पाठ रोज बघितली होती, आणि एकदा तर म्हणाली होती, बाबा, आई वरून मुंगीसारखी दिसते नाही? दोघं खूप हसली होती.

बाबा खड्ड्यातून वर आला. पाय न धुताच तो साच्यापुढे, आईच्या जागी, उकिडवा बसला. त्याला तिथं मांड्या नीट मोडता येईनात. त्यानं गोळा उचलला, रेतीत लोळवला, साच्यात आपटला. वीट उतरवली. तिचे दोन कोपरे साच्यातच राहिले.

आईनं येऊन बघितलं आणि ती वीट पायानं चिखलाच्या ढिगाकडे लोटली.

"परत," ती म्हणाली.

लांबून शाळेची घंटा ऐकू आली. वकिलानं दप्तर काढून ठेवलं, गणवेशाच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि रिकाम्या साच्यात रेती भुरभुरवली. बाबानं तिच्याकडे बघितलं नाही, तिनंही बघितलं नाही. दुसरी वीट उतरली. तिचा एकच कोपरा गेला होता.

"परत," आई म्हणाली, आणि कमरेच्या मागे दोन्ही हात टेकून, भर कामाच्या वेळी, पाठ सरळ करून ती त्या दोघांच्या डोक्यावर उभी राहिली.